मान वळवायची नाय

पहिल्याच भेटीत ज्या माणसाने माझी अर्धी दाढी करून मला तसंच बाकावर बसवून ठेवलं, त्याच माणसाच्या घरात पुढे मी साडेपाच वर्षं भाड्याने राहिलो. आता माझी बदली शहापूर तालुक्यात, खर्डीजवळच्या शाळेत झाली आहे. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की सहकाऱ्यांना वाटतं, गुरुजी तिखटमीठ लावतायत. मी काही लावत नाही. उलट बरंचसं वगळूनच सांगतो, कारण सगळं सांगितलं तर उरलेल्यावरचाही विश्वास उडेल.

त्या दिवशी मी टोकावड्याच्या शाळेत रुजू व्हायला आलो होतो. एस.टी.तून उतरलो आणि शाळेत जायच्या आधी दाढी करून घ्यावी म्हणून स्टँडसमोरच्या केशकर्तनालयात शिरलो. आत पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, बाह्या दंडापर्यंत दुमडलेला एक माणूस होता. त्याने एक शब्द न बोलता मला खुर्चीत बसवलं, साबण लावला, एक गाल साफ केला. तेवढ्यात बाहेर मुरबाडहून आलेली गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि हा माणूस वस्तरा हातात घेऊनच रस्त्यावर पळाला. मी वळून दारातून बघतोय तर हा गाडीतून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला ओढतोय, आणि दुसऱ्या हातात उघडा वस्तरा. स्टँडवर वीसपंचवीस माणसं असतील. एकानेही मान वर करून बघितलं नाही. मला मात्र घाम फुटला.

‘उठा जरा,’ आत येऊन तो मला म्हणाला. ‘पखवाजवाले हायेत. सा महिन्यांनी गावलेत.’

मी उठलो. दुसरं काय करणार, वस्तरा त्याच्या हातात होता.

म्हातारा जाऊन खुर्चीत बसला, तोही असा की हे नेहमीचंच असावं. मालकांनी (पुढे मी त्यांना मालकच म्हणायला लागलो) टेबलाखालून एक फळी काढली. तिला जाड पांढरा कागद टाचलेला होता. ते म्हाताऱ्याच्या मागे उभे राहिले आणि समोरच्या आरशात बघत कोळशाच्या काडीने कागदावर फराटे मारायला लागले. हे पाऊण तास चाललं. माझ्या अर्ध्या तोंडावरचा साबण वाळून कातडी ताणायला लागली. नोकरीचा पहिला दिवस, शाळा भरून गेलेली आणि मी इथे एका गालाने गुळगुळीत बसलेलो. शेवटी संतापून चार शब्द सुनवायला उठलो आणि फळीवर नजर गेली.

मी तिथेच थिजलो. कागदावर तो म्हातारा होता. नुसता त्याच्यासारखा दिसणारा नव्हे, तोच. डोळ्याखालच्या पिशव्या, कानातून बाहेर आलेले केस, कानशिलावरची शीर. ओठ जरासे उघडे होते, कारण म्हातारा बसल्या बसल्या मनात बोल म्हणत होता आणि ते म्हणणंसुद्धा कागदावर उतरलं होतं. मुकाट बाकावर जाऊन बसलो. शाळेत दीड तास उशिरा पोचलो. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि ते नुसतं ‘बरं’ म्हणून मस्टर पुढे करून मोकळे झाले. टोकावड्यात ते कारण चालत होतं.

दुकानामागेच मालकांचं घर होतं आणि त्यातली एक खोली रिकामी होती. आठवड्याभरात मी तिथे राहायला गेलो.

दुकान अरुंद आणि लांबट होतं. एका भिंतीला दोन खुर्च्या आणि त्यांच्यासमोर भिंतभर आरसा. दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकांचं बाकडं आणि बाकड्याच्या वर काचेच्या चौकटींत तेव्हा तेरा चेहरे. सगळे गाणारे-वाजवणारे आणि सगळे इथलेच. सनईवाला, ढोलकीवाला, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा एक टक्कल पडलेला तरुण, ठाकरवाडीतला बासरीवाला. आत येणारा माणूस आधी खुर्ची रिकामी आहे का ते बघतो, नसली तर बाकड्यावर बसतो. बाकड्यावर बसलं की चेहरे डोक्यामागे, खुर्चीत बसलं तरी मागेच. म्हणजे बघायचे ते आरशात. आणि कोणी नवखा खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळून बघायला लागला की मालक दोन बोटांनी त्याचं डोकं धरून सरळ करायचे.

‘मान वळवायची नाय. आरशात बघा. तितनंच बरं दिसतं.’

वस्तऱ्याखाली मान वळवू नये हे कोणालाही पटण्यासारखं आहे. मलाही पटलं होतं.

एकदा एका गिऱ्हाइकाने मोबाईलमध्ये एका मोठ्या गायकाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, ह्यांचं एक चित्र काढून द्या, हॉलमध्ये लावतो. मालकांनी फोटो बघितला, चांगला लांब धरून बघितला.

‘मोठा मानूस हाय,’ ते म्हणाले. ‘पन माझ्या खुर्चीत बसला नाय कधी.’

‘फोटोवरनं काढा की.’

‘फोटो बसून ऱ्हातो, गुपचूप. मानूस गुपचूप बसत नाय. मला त्याचा गळा हलताना बघाय लागतो.’

समोरासमोर बसवून चित्र का काढत नाही, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की समोरून बघितलं की माणूस तुमच्याकडे बघायला लागतो आणि तोंड पाहुण्यासारखं करतो. आरशात तो स्वतःला बघत बसतो, तिथे त्याला तुमची आठवण राहत नाही. तिथे तो पकडायचा. तीस वर्षं आरशातच माणसं बघत आलेल्या माणसाचं हे म्हणणं होतं आणि मला ते फार खोल वाटलं. वहीत लिहूनही ठेवलं होतं.

कोळसा ते घरीच करायचे. निरगुडीच्या बोटाएवढ्या काड्या सोलून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या, झाकणाच्या कडेने चिखल लिंपायचा आणि डबा चुलीत ढकलायचा. त्यांच्या बायकोचा या डब्यावर भयंकर राग होता. भाकरी चुलीवर आणि डबा चुलीत, अशी रोजची ओढाताण. ‘तुमच्या मालकाला सांगा,’ त्या मला म्हणायच्या, ‘येक दिवस भाकरीऐवजी काड्याच वाढीन ताटात.’ मालकांना हे ऐकू जायचं, पण ते उत्तर द्यायचे नाहीत. खोडायला मळलेल्या कणकेचा गोळा, झटकायला दाढीचा जुना ब्रश, आणि चित्र पुरं झालं की भाताची निवळ पेज गाळून, केसांवर पाणी उडवायच्या बाटलीत भरून कागदावर फवारायची. त्याने कोळसा धरून राहतो. कोणी शिकवलं, असं विचारलं की म्हणायचे, ‘चुकून चुकून आलं.’

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही चमत्कारिक वाटायची. चित्र बघणारा प्रत्येक जण थक्क व्हायचा, फक्त ज्याचं चित्र तोच खूश नसायचा. सनईवाला खुर्चीत बसून आरशात आपल्या तसबिरीकडे बघायचा आणि म्हणायचा, बाकीच्यांचे झ्याक आहेत, माझंच कायतरी बिनसलंय. ढोलकीवाल्याचं तेच. मालक हसायचे. ‘सोताचं तोंड कुनाला पटतं?’ म्हणायचे.

आता बुवांबद्दल सांगायला हवं. नदीपलीकडच्या गावात एक भजनी बुवा होते, वय सत्तरच्या आसपास. पंचक्रोशीत त्यांच्या आवाजाला तोड नव्हती. लहानपणी बैलाचं शिंग लागून त्यांचं नाक एका अंगाला वाकलं होतं, एका भुवईवर चामखीळ होती, आणि एरवी हा माणूस चारचौघांत उठून दिसण्यासारखा नव्हता. भजनाला बसले की निराळे व्हायचे. मालकांचा त्यांच्यावर जीव होता. दर एकादशीला बुवांच्या ओटीवर भजन असायचं आणि मालक दुकान लवकर बंद करून सगळ्यांत पुढे, बुवांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. मीही जायला लागलो होतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण बुवांकडे बघत राहावंसं वाटायचं.

बुवा दर पंधरा दिवसांनी दाढीला यायचे. एकदा मी बाकड्यावर पेपर वाचत बसलो होतो. मालकांनी बुवांची मान मागे टेकवली, वस्तरा थेट गळ्याच्या घाटीवर ठेवला आणि म्हणाले, ‘आता वरचा लावा.’

बुवांनी वरचा सूर लावला. वस्तरा गळ्यावरच होता. गळा वर सरकला, वस्तरा त्याच्याबरोबर वर गेला. गळा थरथरला, वस्तराही थरथरला. मी पेपर टाकून उभा राहिलो. ओरडलो असतो, पण ओरडलो आणि यांचा हात हलला तर, म्हणून तोंड दाबून धरलं. सूर संपला. मालकांनी वस्तरा पुसला. बुवांच्या गळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

‘तुम्हाला वेड लागलंय का?’ बुवा गेल्यावर मी म्हणालो.

‘गुरुजी, डोळ्याला दिसतं त्याच्या आदी हाताला कळतं,’ ते म्हणाले. ‘आज कळलं मला त्यांचा सूर कुटनं निगतो.’

त्या आठवड्यात त्यांनी बुवांचं चित्र पुरं केलं. मी खुर्चीत बसून आरशात बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. डोळे अर्धे मिटलेले, वाकडं नाक जरा वर, आणि तोंडावर असं हसू की गाणाऱ्यालाच कोणीतरी छान काही ऐकवतंय. बुवांनी मात्र आरशात बघून नाक मुरडलं. ‘समद्यांचे काढलेस रे, माझ्यावर काय राग हुता तुझा?’ म्हणाले. मालकांनी ते चौदावं चित्र बरोबर मधोमध लावलं.

गेल्या वर्षी भातकापणी संपली आणि बुवा गेले. सकाळी अंगणात दात घासत होते, तिथेच बसले आणि उठले नाहीत. दहाव्याला नदीवर जाऊन बुवांच्या मुलांच्या डोक्यावरून मालकांनीच वस्तरा फिरवला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बुवांचा थोरला मुलगा दुकानात आला. हार घालायला फोटो नव्हता. मोबाईलमध्ये शंभर फोटो होते आणि शंभरांत बुवांच्या तोंडासमोर माइक होता. एकट्याचा असा फोटो आधार कार्डावरचाच. तो मोठा करून आणला होता. त्यात बुवा पोलिसांनी पकडल्यासारखे दिसत होते.

‘आयचं म्हननं हाय, हा नको,’ मुलगा म्हणाला. ‘तुमच्याकडं चित्र हाय म्हनत्यात. तेवडं द्या.’

त्या भिंतीवरून एकही चेहरा कधी खाली उतरला नव्हता. कीबोर्डवाल्याने स्वतःच्या लग्नात लावायला मागितला होता, त्यालाही मिळाला नव्हता. मालकांनी बाकड्यावर चढून बुवांची तसबीर काढली, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायच्या धुतलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. आम्ही त्यांच्या मोटरसायकलवरून निघालो. मी मागे बसून ती छातीशी धरली होती. रस्ताभर ते बुवांच्या बायकोबद्दल एकच वाक्य बोलले. ‘वैनीला बरं वाटंल.’

बुवांच्या ओटीवर पाट मांडला होता, बाजूला समई. मालकांनी कापड सोडलं आणि तसबीर पाटावर ठेवली. जमलेली माणसं पुढे झाली. मालक अंग चोरून उभे होते, कौतुक झालं तर कुठे बघायचं या काळजीत.

थोरल्याने तसबीर उचलून जरा तिरकी करून बघितली. धाकटा म्हणाला, ‘बाबाच हायेत... नाय?’ एक शेजारी म्हणाला, बुवांचा कोणी भाऊ होता का? मीही बघितलं. दुकानात ज्यांना मी शंभर वेळा बघितलं होतं ते बुवा त्या काचेत नव्हते. कोणीतरी दुसराच होता. त्यांचेच डोळे, त्यांचंच नाक घेऊन बसलेला कोणी परका.

बुवांची बायको आतून आली. लहानखुरी, वाकलेली बाई. ती पाटासमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने तसबीर हाताने हळूच उलटी केली, तोंड भिंतीकडे.

‘ह्यो आमच्या घरातला मानूस नाय,’ ती म्हणाली. ‘परक्या मानसाला हार घालून मी हात जोडू का, भावजी?’

ती रागावली नव्हती. तिने खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. मालकांनी कापड उचललं, तसबीर गुंडाळली आणि आम्ही परत निघालो. तेराव्याला पाटावर आधार कार्डच होतं.

दुकानात येऊन त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. तसबीर जुन्या खिळ्याला लावली. मग स्वतः खुर्चीत बसले आणि आरशात बघितलं.

‘गुरुजी, इतं या. बसा. सांगा मला, ह्ये बुवा नायत?’

मी बसलो. आरशात बघितलं. बुवा होते. तेच अर्धे मिटलेले डोळे, तेच हसू. हुबेहूब. मला काही कळेना. आणि मग साडेपाच वर्षांत पहिल्यांदा मी त्या खुर्चीत मान वळवली.

भिंतीवर परका माणूस होता.

पुन्हा आरशात बघितलं, बुवा. मागे बघितलं, परका. मग माझं लक्ष बुवांच्या सदऱ्याकडे गेलं. खिसा त्यांच्या छातीच्या उजव्या अंगाला होता. सदऱ्याचा खिसा डावीकडे असतो. शेजारच्या ढोलकीवाल्याकडे बघितलं, खिसा उजवीकडे. सनईवाला, उजवीकडे. चौदाच्या चौदा खिसे उजवीकडे.

‘मालक,’ मी म्हणालो, ‘हे सगळे उलटे आहेत.’

त्यांना समजायला वेळ लागला. मी सांगत होतो की तुम्ही आरशातला माणूस काढता, म्हणून कागदावर डावं-उजवं बदलतं, आणि पुन्हा आरशात बघितलं की ते सरळ होतं, म्हणून दुकानात सगळ्यांना पटतं आणि बाहेर नेलं की पटत नाही; ज्याचं चित्र तो मात्र स्वतःला रोज आरशातच बघतो, म्हणून फक्त त्यालाच इथे पटत नाही. मी वर्गात शिकवावं तसं शिकवत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. त्यांनी मागे बघितलं, आरशात बघितलं.

‘मला तर दोनीकडं बुवाच दिसत्यात,’ ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बुवांना खुर्चीत आरशातून आणि ओटीवर समोरून, दोन्हीकडून इतकं बघितलेला तो एकच माणूस होता.

मग ते भिंतीजवळ गेले. काचेवर, बुवांच्या केसांवर बोट ठेवलं. भांग होता तिथे.

‘बुवांचा भांग डाव्या अंगाला,’ ते म्हणाले. ‘मीच पाडायचो. तीस वर्सं मीच पाडला.’ त्यांचं बोट चित्रातल्या बुवांच्या उजव्या अंगाला होतं. ते बाकड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी इतका हादरलेला माणूस त्याआधी बघितला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी बुवांना सरळ काढायचा प्रयत्न केला. खिसा डावीकडे गेला, भांग डावीकडे गेला, नाकाचा बाक फिरला. बुवा आले नाहीत. एकेक कागद ते चुलीत घालत होते आणि त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच कुरकूर केली नाही. मी मध्येच एक शहाणपणा केला. तसबिरीचा मोबाईलने फोटो काढला, एक बटण दाबून तो उलटा केला आणि त्यांच्यापुढे धरला. एका क्षणात बुवा सरळ झाले. म्हणालो, मुरबाडला छापून आणतो, प्रश्न मिटला. त्यांनी मोबाईलकडे बघितलं आणि मला वाटलं की मी त्यांच्या मुस्काटात मारली आहे.

‘छापा नंतर,’ ते म्हणाले. ‘आदी वैनीनं बघायला पायजे. माझ्या हाताचं. न्हायतर मी बुवांना कधी बघितलंच नाय असं हुईल.’

एवढंच त्यांना हवं होतं. बाकी तेरा चेहऱ्यांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

सोमवारी दुकान बंद असतं. मालकांच्या निरोपावरून बुवांचा थोरला मुलगा आईला मोटरसायकलवर घेऊन आला. टोकावड्यात बाई केशकर्तनालयाची पायरी चढत नाही. मी त्या दुकानात बाईमाणूस आत आलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि भिंतीवरच्या चौदांतही बाई नव्हती. ती दारातच थांबली. मुलगा म्हणाला, ‘आय, जा गो आत, कोन नाय.’ मग ती आली. मालकांच्या बायकोने तिला हात धरून खुर्चीत बसवलं. पाय खालच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हते. मालक बाजूला सरकून उभे राहिले.

‘आरशात बघा, वैनी,’ ते म्हणाले. ‘फकस्त आरशात.’

तिने बघितलं. पदर सारखा केला, जसा समोर कोणी आल्यावर करतात.

‘ह्येच,’ ती म्हणाली. ‘ह्येच हायेत.’

मला वाटलं, झालं. सुटलो सगळे. पण तिचं बघणं संपेना. ती पुढे झुकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

‘पन असं तोंड कवा केलं हुतं त्यांनी?’

‘गाताना, वैनी,’ मालक म्हणाले. ‘नेमीच. गाताना असेच दिसायचे.’

‘मी नाय बघितलं,’ ती म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही.

‘तुमी समदे पुडं बसायचे. मी आत चुलीकडं. तीस-चाळीस मानसांचा चहा, मंग जेवान. आवाज यायचा तेवडा. भजन सपलं की ह्ये आत येऊन जेवायचे, मान खाली घालून. बेताळीस वर्सं झाली लग्नाला.’ ती आरशाकडेच बघत होती. ‘ह्ये हसायचे?’

मी हादरलो. मी त्या ओटीवर किती एकादशींना बसलो होतो. त्या घरातला चहा प्यालो होतो, जेवलो होतो. तो कोणी केला हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मालकांकडे बघितलं तर ते माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होते. ज्याचा चेहरा आपल्याइतका कोणी बघितला नाही, असा त्यांचा गर्व होता, त्याची बायको त्यांच्या खुर्चीत बसून तो चेहरा पहिल्यांदा बघत होती.

‘आवाज हाय का तुमच्याकडं?’ तिने विचारलं. ‘मोबाईलमदी?’

मालकांकडे होता. एका एकादशीला त्यांनी ओटीवर बसून सबंध अभंग भरून घेतला होता. त्यांनी मोबाईल काढून माझ्याकडे दिला. मी लावला आणि आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी ठेवला.

बुवांनी सूर लावला. ती आरशात बघत होती. पखवाज सुरू झाला, टाळ आले, बुवा वर गेले, आणि आरशातला तो चेहरा अगदी त्याच जागी होता, अर्धे मिटलेले डोळे, जरा वर गेलेलं नाक. तिचे ओठ हलत होते. अभंग तिला शब्दन् शब्द पाठ होता. मालकांनी भिंतीला पाठ टेकली होती आणि ते उघड उघड रडत होते. मुलगा दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

कडवं संपताना बुवा थांबले, टाळ थांबले, आणि त्या शांततेत मागून कुठून तरी कपबशांचा आवाज आला. ट्रेमध्ये एकेक कप ठेवावा तसा. मग पुन्हा पखवाज सुरू झाला.

तिने हात वर केला. मी मोबाईल थांबवला.

‘ती मी,’ ती म्हणाली.

मालक वर बघायला तयार नव्हते.

‘जरा मागं घ्या, गुरुजी,’ ती म्हणाली. ‘कपबश्या वाजल्या तितनं.’

मी मागे घेतलं. यावेळी तिने डोळे मिटले होते, आणि बुवांचा सूर सुरू असताना आम्ही सगळे त्या कपबशांची वाट बघत उभे राहिलो.